नानांची बोलकी बाटली

"बोल बाई, बोल. कुठं दुखतंय तुझं?"

सायकलची ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून नाना तिच्याशी असं बोलायचे. कुठूनतरी बुडबुडा यायचा. लगेच त्यावर बोट दाबून, मान डोलवत म्हणायचे, "बोलली बगा!" नारायणगावात त्यांच्या पंक्चरच्या दुकानाला लागूनच माझं शिलाईचं दुकान होतं, आणि मागं घर. हे बोलणं मी इतकं ऐकलंय की माझं मशीन अडलं तरी माझ्या तोंडातून तेच यायचं.

नाव काही सांगत नाही त्यांचं. अख्खी गल्ली नानाच म्हणायची. गळ्यात तुळशीची माळ, बोटांना कायम सोल्युशन चिकटलेलं, आणि संध्याकाळी भजनी मंडळात पखवाज. पखवाजावर हात पडला की पंक्चरवाले नाना कुठल्या कुठं जायचे. सप्ताहाला लांबलांबचे टाळकरी खास त्यांच्या हातासाठी यायचे.

असं सगळं सुखात चाललेलं. त्यात एका हॉटेलवाल्यानं गळतो म्हणून माशांचा टँक टाकून दिला. गळतंय म्हटल्यावर नानांना राहवतंय होय! उचलून आणला, सांधे भरले, पाणी भरून मासे सोडले आणि दुकानात हवेच्या पंपाशेजारी ठेवला. त्यात प्लॅस्टिकचं झाड ठेवा म्हटलं, तर माझ्यावरच चिडले.

"वयनी, माशाला काय कळत न्हाई व्हय? खोट्या झाडाखाली तुमी बसाल का?"

मग कालव्यातली पाण्याची झाडं उपटून आणली. ती आठवड्यात पिवळी पडली. पुन्हा आणली, पुन्हा पिवळी. नानांचं जेवणात लक्ष लागेना.

एकदा जवळच्या खोडदला आकाश बघायची मोठी रेडिओ दुर्बीण आहे, तिथले एक साहेब मोटरसायकल पंक्चर झाली म्हणून थांबले होते. त्यांनी टँक बघितला आणि म्हणाले, "झाडांना कार्बन डायऑक्साइड कमी पडतोय. बाटलीत साखर, कोमट पाणी आणि चिमूटभर यीस्ट घाला. झाकणातून नळी काढून टँकमध्ये सोडा. बुडबुडे येतील, तेच झाडांचं खाणं."

नाना टाळी देऊन हसले. "म्हंजे उलटं पंक्चर की राव! जलमभर बुडबुडं बंद केलं, आता चालू करायचं!"

जुन्नरच्या बेकरीतून यीस्ट आणलं, सलाईनची नळी मिळवली, झाकणाची फट सोल्युशननं बुजवली. पण साखर कोण घालतंय? हंगाम द्राक्षांचा. पेट्या भरून उरलेले मणी बाजारात ढिगानं पडलेले. "ही काय कमी ग्वाड हायेत?" म्हणत नानांनी बाटली द्राक्षाच्या रसानं भरली. हे नारायणगावातच सुचावं! दुपारपर्यंत टँकमध्ये बुडबुड्यांची माळ लागली. नानांनी गल्ली गोळा केली. "बोलली! लई बोलती!"

खरंच, झाडांनी जीव धरला. नवी हिरवी पानं फुटली. नाना गिऱ्हाईकाला आधी पान दाखवायचे, मग पंक्चर बघायचे.

पुढं रसातला जोर संपला, बुडबुडे थांबले. नानांनी बाटलीतलं उरलेलं मागच्या कुंपणापलीकडं ओतलं आणि नवा रस भरला. कुंपणापलीकडं माझ्या कोंबड्या. त्यांनी ते मिटक्या मारत संपवलं. थोड्या वेळानं एक कोंबडी भिंतीला धडकली. कोंबडा भर दुपारी आरवायला लागला, आणि आरवता आरवताच आडवा झाला. मी झाडू घेऊनच गेले.

"नाना, काय पाजलंत माझ्या कोंबड्यांना?"

नानांनी बाटली हुंगली. चेहरा उतरला. "आई गं... वयनी, ही तर दारू!"

गल्ली पोट धरून हसली. नाना हसले नाहीत. त्यांनी गळ्यातली माळ काढली आणि ट्यूबा टांगायच्या खुंटीला अडकवली.

"माळकऱ्याच्या दुकानात दारू झाली. आता पखवाजाला कंच्या हातानं शिवू?"

"मग फेका की ती बाटली!"

"झाडानं आत्ता कुठं पान धरलंय. मारू त्याला?"

सप्ताह तोंडावर आला, आणि नाना मंडळात जाईनात. पंक्चर काढायचे, पण मुक्यानं. ट्यूब पाण्यात, आणि शब्द नाही. मला ते सोसेना. मेली शिवण वाकडी जायला लागली. शेवटी मीच उठून मंडळाच्या बुवांकडं गेले. बुवा भारी कडक, कांदालसूणसुद्धा वर्ज्य. म्हटलं, "बुवा, एकदा येऊन डोळ्यांनी बघा. मग काय दंड करायचा तो करा."

बुवा आले. बाटली हुंगली, नाक मुरडलं. नाना हात जोडून उभे. तेवढ्यात बुवांचं लक्ष टँककडं गेलं. दारातून ऊन आत आलं होतं आणि हिरव्या पानांच्या कडेकडेनं मोहरीएवढे चकचकीत बुडबुडे धरले होते. एकेक सुटून वर जात होता. बुवा टायरांच्या ढिगावरच टेकले.

"ही पानं काय करत्यात?"

"श्वास सोडत्यात बुवा. त्योच मासं घेत्यात."

बुवा बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "तुमी चाखली का ही?"

"न्हाई. इठ्ठलाची आन."

"मग माळ मोडली ती कोंबड्यांनी. त्यांचं त्या बगतील. तुमी घाला गळ्यात. आन हितनं पुढं उरलेलं खड्ड्यात पुरायचं."

नळीतून बुडबुडा सुटत होता, टुप्... टुप्... बुवांचं बोट मांडीवर त्याच लयीत पडायला लागलं. नानांनी डोळे पुसले आणि घरी पळत जाऊन पखवाज आणला. त्या वर्षीच्या सप्ताहासारखा पखवाज मी पुन्हा ऐकला नाही. आणि बाटलीत द्राक्षांच्या जागी मुकाट साखर आली.

काही वर्षांनी नाना गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास नाही. दहावा झाला आणि दुसऱ्या दिवशी बघते तर त्यांच्या दुकानाची फळी उघडी. आत बुवा. गळ्यात माळ, दोन गुडघ्यांत बाटली, मुठीनं साखर सोडताहेत. टँकमधले बुडबुडे केव्हाच थांबले होते.

"पोरी, ते यीस्ट किती घालत व्हता गं नाना?"

"चिमूटभर."

त्यांनी चिमूट सोडली, बाटली हलवली, झाकण लावून नळी पाण्यात सोडली. आम्ही बसलो. मी चहा केला, तो पिऊन झाला. नळी गप्पच. बुवांनी दाराकडं एकदा बघून घेतलं, काचेजवळ वाकले आणि हळूच म्हणाले, "बोल बाई, बोल."

आणि बोलली बघा!