सिस्टर विमलाबाई आणि टोपीचं थर्मल

हैदराबादेतल्या कोठी बाजारात माझं होजियरीचं दुकान आहे. बनियन, मोजे, कानटोपी, बाळाचं झबलं, अंगाला चिकटून बसणारं जे काही असेल ते माझ्याकडे मिळतं. सत्तावीस वर्षांत गिऱ्हाइकांनी कमी छळलं नाही. पण २०१४च्या डिसेंबरात सिस्टर विमलाबाईंनी माझ्या नाकी नऊ आणले तसे कुणीच आणले नाहीत. त्यांना एक कपडा घ्यायचा होता. एकच. त्याला सात आठवडे लागले.

आधीच मी वैतागलेला होतो. जूनमध्ये राज्याचे दोन तुकडे झाले होते. नवीन राज्य म्हणून नवीन पाटी, नवीन बिलबुकं, टॅक्सचा नवीन नंबर. पाटी रंगवणारा पेंटर दोनदा आला आणि दोन्ही वेळा चुकीचं रंगवून गेला. निम्मी गिऱ्हाइकं सरकारी नोकरीतली. ती मोज्यांची जोडी हातात धरून अर्धा अर्धा तास उभी राहत आणि आपली बदली इकडे लागणार की तिकडे, याचीच चर्चा करत. मोजे तसेच ठेवून जात.

अशातच एका दुपारी विमलाबाई आल्या. जवळच्याच एका बाळंतपणाच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्स, राहायला चिक्कडपल्लीला. सगळी कोठी त्यांना सिस्टर म्हणते, मीही म्हणतो. त्यांनी पिशवीतून इस्त्री केलेली एक घडी काढली आणि काउंटरवर ठेवली.

"ओळखलात काय?"

न ओळखून कसं चालेल? माझ्याकडचाच माल होता. जाडजूड, पूर्ण बाह्यांचं, आतून घालायचं बनियन, शंभर टक्के कॉटन. गेल्या जानेवारीत मीच त्यांना दिलं होतं. "डोळे मिटून न्या सिस्टर, माझी गॅरंटी," असंही म्हणालो होतो. ते मी सगळ्यांनाच म्हणतो.

"जयवंता हे घालून बर्फात गेली होती," त्या म्हणाल्या.

जयवंता त्यांची एकुलती एक मुलगी. एका खाजगी शाळेत खेळ शिकवते. तिने काश्मीरमधल्या एका संस्थेत स्कीचा कोर्स घेतला होता. त्यात टुरिंग नावाचा एक प्रकार असतो: पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फाचा डोंगर आधी स्वतःच्या दमावर चढायचा आणि मग घसरत खाली यायचं. चढताना घाम फुटतो, वर पोचल्यावर वारा लागतो. सहाव्या दिवशी कॉटन घामाने चिंब झालं आणि अंगावरच गार पडलं. पोरगी आधी थरथरली, मग थरथरायची थांबली आणि असंबद्ध बोलायला लागली. मास्तरांनी तिला उचलून खाली आणलं. चार दिवस दवाखान्यात होती. कोर्स अर्धवट राहिला. आता फेब्रुवारीत तिला पुन्हा बोलावलं होतं, वयाच्या अटीमुळे शेवटचं.

"सिस्टर, माल तर चांगला होता," मी म्हणालो. दुसरं काय सुचणार?

"माल चांगलाच होता. बर्फाचा नव्हता. आमच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं मला, कॉटन ओलं झालं की अंगातली ऊब ओढून घेतंय. तुम्हाला माहीत नव्हतं, मला बी नव्हतं. आता दोघं मिळून नीट बघू."

दोघं मिळून! मला सांगा, गिऱ्हाइकाने भांडावं, माल तोंडावर फेकावा, मला चालतं. पण ही बाई भांडायलाच तयार नाही. त्यातून तिला कुठल्या मोठ्या मॉलमध्ये जाऊन घ्यायला सांगावं, तर तेही नको. "तिथली पोरं लेबल वाचून दाखवतेत," म्हणे. "तुम्ही कापड हातात धरून बोलता." आता यावर काय म्हणायचं? मी बर्फ पाहिलाय तो उसाच्या रसाच्या गाड्यावर, पोत्यात गुंडाळलेला.

तर त्यांना हवं होतं आतून घालायचं थर्मल, आणि त्यालाच टोपी जोडलेली. मी म्हटलं, थर्मल वेगळं घ्या, कानटोपी वेगळी घ्या, घोळ मिटला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी वॉर्डात चपला घालून शिरलोय.

"आम्ही कमी दिवसांचं बाळ गुंडाळतो तेव्हा पहिल्यांदा काय झाकतो? डोकं. आणि टोपी कितीबी बांधा, बाळ हललं की सरकती. मानेपाशी फट पडती. त्या फटीतून सगळी ऊब जाते. जोडलेलीच पाहिजे. नक्को ती वेगळी."

मी कोठीतल्या चार होलसेलवाल्यांना फोन केले. तिघे हसले. हैदराबादेत डिसेंबरात लोक मफलर घालतात ते फिरायला जाताना, हौस म्हणून. चौथ्याने दिल्लीहून तीन नमुने मागवून दिले. मला वाटलं, सुटलो.

विमलाबाई तिन्ही घरी घेऊन गेल्या. आठवड्याने आणले ते धुऊन, वाळवून, इस्त्री करून! धुतलेला नमुना मी विकायचा कुणाला? मी बोंब मारायच्या आत त्यांनी एक कागद पुढे केला. वॉर्डात तापाचा आलेख काढतात तसा आलेख. गरम पाण्याच्या रबरी पिशव्यांना तिन्ही थर्मलं गुंडाळली, पंख्याखाली ठेवली आणि दर पंधरा मिनिटांनी थर्मामीटर लावला. मग तीच ओली करून पुन्हा. माझं जुनं कॉटनही त्यात होतं. ओल्या कॉटनची रेघ धाडकन खाली आली होती.

"ही बघा तुमची रेघ," त्या म्हणाल्या.

मला राग आला, खरंच आला. माझी रेघ म्हणे! त्या रात्री बरकतपुऱ्याला घरी जेवताना बायकोने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, एका नर्सने माझं दुकान तपासायला घेतलंय. पण आलेख मी गल्ल्याखालच्या खणात ठेवून दिला होता, फाडला नव्हता. शंभर टक्के कॉटनच्या जोरावर आमच्या दोन पिढ्यांनी पोट भरलं, आणि ही बाई थर्मामीटर घेऊन ते खोटं पाडत होती, तेही इतक्या शांतपणे.

मग तिचा रोजचा पिच्छा सुरू झाला. ड्यूटी सुटली की पाच वाजता हजर. एकाची शिवण खांद्यावर येते, वर पिशवीचा पट्टा घासेल. एकाची टोपी ढिली, वाऱ्याने मागे उडेल. मान वळवली तर टोपी मानेबरोबर वळली पाहिजे, तशीच राहिली तर एक डोळा झाकतो. हे त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घालून, आरशासमोर डावीकडे-उजवीकडे बघून शोधलं होतं. दुकानात तीन गिऱ्हाइकं आणि मधोमध पांढऱ्या साडीवर काळी टोपी घातलेली सिस्टर. लोक दारातूनच परत जात.

एकदा चिडून म्हणालो, "सिस्टर, लग्नाचा शालू घ्यायला इतका वेळ लागत नाही!"

"शालू एक दिवस घालायचा असतो," त्या म्हणाल्या आणि बाहीची शिवण उलटून बघायला लागल्या.

त्यांचं गाव आणि माझ्या आजोबांचं गाव नांदेडकडचं, एकाच तालुक्यातलं, हे त्यांनीच एकदा काढलं. वेशीच्या कोणत्या बाजूचं, हे त्यांनीही काढलं नाही आणि मीही नाही. त्यांचे वडील काचीगुड्याला रेल्वेत गँगमन होते. चार पोरांना नवा कपडा वर्षातून एकदाच, चौदा एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीला. तोही थोरल्या बहिणीचा धाकटीला जाईल अशा बेताने शिवलेला. विमलाबाई धाकट्या. नर्सिंगला लागून पहिला पगार झाला तेव्हा पहिल्यांदा आपल्या मापाचं काही अंगाला लागलं, असं त्या हसत सांगायच्या. नवरा गेल्यावर जयवंतासाठी त्यांनी कधी हलकं घेतलं नाही. त्यात पोरगी कधी तक्रार करत नाही, जे आणलं ते घालते, याचा त्यांना फार अभिमान. मी ऐकून घ्यायचो. ऐकताना राग उतरायचा, आणि दुसऱ्या दिवशी पाच वाजता पुन्हा चढायचा.

जानेवारी संपत आला तेव्हा शेवटी ठरलं: मेरिनो नावाची बारीक लोकर, जाडातली जाड, टोपी जोडलेली, गळ्याला झिपची साखळी. माल विजयवाड्याच्या गोदामात होता. वर्षभरापूर्वी तो एका रात्रीत आला असता. आता मध्ये राज्याची हद्द आली होती. पार्सलवर माझा टॅक्सचा जुना नंबर, जुन्या राज्याचा. नाक्यावर अडलं. पाच दिवस मी फोन करत होतो. जयवंताची गाडी पाच फेब्रुवारीला. विमलाबाई रोज येऊन स्टुलावर बसायच्या, दाराकडे बघत राहायच्या, आणि तेच जास्त जाचायचं. मी त्यांना पाणी द्यायचो आणि नाक्यावरच्या माणसाला फोनवर उर्दूत, तेलुगूत, शेवटी मराठीत शिव्या द्यायचो.

तीन तारखेला पार्सल आलं. चार तारखेला विमलाबाई मुलीला घेऊन आल्या. सात आठवड्यांत जयवंताला मी पहिल्यांदाच बघत होतो. एकोणतीस वर्षांची, काटक, सावळी, बोलायला कमी. "नमस्ते अंकल," म्हणाली. पार्सलमध्ये होलसेलवाल्याने जाडाबरोबर एक पातळही टाकलं होतं, टोपीचंच, पण राखाडी, पुरुषी मापाचं, मलमलीसारखं हलकं. ते मी बाजूला सारलं आणि जाड तिच्या हातात दिलं. ती पडद्याआड गेली आणि घालून आली. टोपी डोक्यावर, वरून जाकीट. विमलाबाईंनी तिच्या मानेभोवती दोन बोटं फिरवली. फट कुठेच नव्हती.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "संभाजीराव, हे घालून पोरगी नीट परत येईल?"

माझं तोंड उघडलं. सत्तावीस वर्षं ज्या तोंडातून गॅरंटीचं एकच वाक्य निघालंय, त्यातून ते निघेना.

"मला नाही माहीत, सिस्टर," मी म्हणालो. "खरंच नाही माहीत."

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसती मान हलवली आणि मुलीला विचारलं, "तुला कसं वाटतंय?"

"छान आहे," जयवंता म्हणाली. पटकन.

तीस वर्षं विमलाबाईंनी वेदना दाबून "बरं आहे सिस्टर" म्हणणाऱ्या बायका पाहिल्यात. त्या स्टुलावर बसल्या. "मागच्या वर्षी बी छानच म्हणली होतीस."

जयवंता गळ्याची साखळी वर-खाली करत राहिली.

"आई, राहू दे ना."

"नाही राहू देत. बोल."

"मागच्या वर्षी... यादी आली होती ना संस्थेची, इंग्रजीत. पहिल्याच ओळीत होतं, कॉटन आणू नका." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "पण तू रजा घेऊन चार दुकानं फिरून आणलेलं होतंस. इस्त्री करून बॅगेत ठेवलं होतंस. मी काय म्हणणार होते?"

मी गल्ल्यावर हात ठेवून उभा होतो. ही पोरगी बर्फात मरायला टेकली होती, आणि कशाने ते तिला घरून निघतानाच माहीत होतं. मला आधी संताप आला, तिचा, तिच्या आईचा, माझा, सगळ्यांचा. सात आठवडे आम्ही दोन शहाणी माणसं थर्मामीटर लावत बसलो होतो. जिच्या अंगावर जायचं, तिला दुकानात एकदाही आणलं नव्हतं.

"आणि हे?" विमलाबाईंनी विचारलं. आवाज वॉर्डातला होता, पण बारीक झाला होता.

"जाड आहे, आई. चढताना पुन्हा घाम येणार. ही टोपी हेल्मेटखाली बसणार नाही." मग तिने हात लांब करून ते राखाडी, पातळ, पुरुषी मापाचं उचललं. "हे. वरून जाकीट असतंच."

"हे तर मलमल आहे."

"हौ. हेच पाहिजे."

विमलाबाईंनी ते हातात घेतलं, उजेडात धरलं, शिवण उलटली नाही. माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "बांधा." मग मुलीच्या डोक्यावरची जाड टोपी त्यांनी हळूच मागे सारली, तिचे केस मोकळे केले आणि विचारलं, "जयू, आजपर्यंत आणखी काय काय बोलली नाहीस तू मला?"

जयवंताने आईचा हात धरून ठेवला. तिचे डोळे भरले होते, विमलाबाईंचेही. मी पिशवी शोधायच्या निमित्ताने आत गेलो. पिशव्या काउंटरवरच होत्या.