तारेखालचा ऊस

आमच्या ह्यांना ऊस कळतो आणि आभाळबी कळतं, पण दोन्ही एका वेळी कळत न्हाई. लालासाहेब त्यांचं नाव. बावीस वर्षं लष्करात रेडिओवर बसले, आता कृष्णाकाठी मळ्यात बसत्यात, आणि पुढ्यात रेडिओ हायच. परीक्षा देऊन हौशी रेडिओचं लायसन काढलंय. पूर आला, मोबाईलचे टॉवर बंद पडले, की अशीच माणसं गावोगावचे निरोप पोचवत्यात. पगार न्हाई, भत्ता न्हाई, नुसती हौस.

ती रेडिओची पेटी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालती. संध्याकाळी सहाला लावली की आधी खरखर येती. मी भाकरीचं पीठ मळत ऐकते. लांब कुठंतरी चिंचेवर पाऊस पडतोय असं वाटतं. मग त्यातनं हळूच माणूस बोलायला लागतं, आणि मला खरंच वाटतं ते आपल्या पडवीत येऊन बसलंय. कितींदा तरी मी पीठ जास्त घेतलंय.

पाटणच्या पलीकडं दरीत ह्यांची थोरली बहीण दिली हाय, बनुबाई. आमच्या वन्सं. त्यांच्या गावच्या शाळेतले रविराज मास्तर, त्यांच्याकडंबी अशीच पेटी. मधी डोंगर, म्हणून ह्यांनी पेटीची आवाज धाडायची तार मुद्दाम खाली बांधली, दीड पुरुष उंचीवर, उसाच्या रानावरनं. आवाज सरळ आभाळात जातो आणि वरनं दरीत उतरतो म्हणे. गेल्या उन्हाळ्यात चाचणी घेतली, लख्ख बोलणं झालं. ह्यांनी पेढे वाटले.

तवा ऊस गुडघ्याएवढा व्हता.

लष्करात असताना लडाखात तारेखाली ऊस उगवत न्हवता, कबूल. पण ह्यांचा जन्म उसात झाला की! श्रावणात पूर आला तवर पाल्यानं तार गिळली व्हती. वला पाला, वली तार, आवाज जागच्या जागी जिरला. तिकडं दरड कोसळून रस्ता बंद, टॉवरबी बंद. वन्सं तीन संध्याकाळी मास्तरांच्या पेटीपुढं बसून हाका मारत व्हत्या, आणि इकडं हे खरखरीत कान घालून बसलेले. चौथ्या दिवशी रस्ता उघडला तवा कळलं, दोन्हीकडची माणसं जित्ती हायत. वन्सं म्हणाल्या, लाला गेला समजून मी रडून घेतलं, आता मला त्या पेटीपुढं कुणी बसवू नका. आवाज उसानं गिळला हे कळल्यावर तर ह्यांचा फोनबी उचलंनात. भाऊबीजेला आल्या न्हाईत. ताट तसंच राहिलं.

तवापासनं हे गप गप. रेडिओ लावायचे, पण बोलायचे न्हाईत. मला राग यायचा, आणि कीवबी यायची.

ह्या मे महिन्यात म्हणाले, तारेखालच्या चार सऱ्या काढायच्या. मी भडकले. तोडलेल्या उसाच्या बुडख्यातनं परत फुटून गुडघ्याला आलेला खोडवा, मी माझ्या हातानं खुरप्यानं भांगललेला! तार वर बांधा की, म्हटलं. वर बांधली तर दरीत आवाज उतरत न्हाई, म्हणाले. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले न्हाई. तिसऱ्या दिवशी उजाडताना जाग आली तर कानात खरखर चाललेली. बघितलं तर पेटी बंद. कुणीतरी हाक मारतंय आणि आपल्याला ऐकू येत न्हाई, असं काहीतरी वाटत राहिलं. उठले, कुदळ घेतली, आणि उसाचं पहिलं बेट मीच खणून काढलं. हे मागनं आले, शेजारची सरी धरली. आता तिथं भुईमूग टोकायचा. भुईमूग काय तारेला शिवत न्हाई.

जूनच्या तोंडाला सगळ्या पेटीवाल्यांची मिळून चाचणी व्हती. सांगली बोलली, कराड बोललं. मग रविराज मास्तर बोलले. हे काय विचारायचे न्हाईत म्हणून मीच कोपरानं ढोसलं. तवा चाचरत विचारलं, आक्का हाय का तिथं. मास्तर थांबा म्हणाले. पीठ माझ्या हातावर वाळत चाललं. आणि मग लय लांबनं, चिंचेवरच्या त्या पावसातनं, वन्सं बोलल्या.

"लाला, ऊस कुठवर आलाय?"

ह्यांनी बटण दाबलं, सोडलं, परत दाबलं.

"तारेखाली ऊसच ठेवला न्हाई, आक्का."

"शालू काय म्हणाली?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं.

"पहिलं बेट तिनंच काढलं."

खरखर इतका वेळ चालली की मला वाटलं, गेलं परत सगळं.

"मग उद्यापासनं सहाला बसते मी," वन्सं म्हणाल्या.

ह्यांनी डोळं पुसलं. मी परातीत अजून एक मूठ पीठ टाकलं.