अव्वाची मूठभर डाळ

माझी आजी घरांची दलाल होती, आणि कुठल्याही घराबद्दल ती आधी वाईटच सांगायची. "माळवद दोन जागी गळतंय. शेजारीण भांडकुदळ हाय. दुपारच्याला चुलीचा धूर घरातच कोंडतोय." एवढं ऐकूनही माणूस उठून गेलं नाही, तर मग चांगलं काय ते सांगायची. घरमालक दातओठ खायचे. एकानं तर तिला तोंडावर विचारलं होतं, "म्हातारे, तू माझी दलाल का त्यांची?" आजी म्हणाली, "घराची." त्यानं पुढच्या वेळीही तिलाच बोलावलं.

तिला मी आणि सगळी गल्ली अव्वा म्हणायची. ती अक्कलकोटकडची, रागावली की कानडीत शिरायची. मोठी लढाई संपून काही वर्षं झाली होती, सोलापुरात गिरण्या जोरात होत्या, आणि आसपासच्या तालुक्यांतली माणसं बायकापोरं घेऊन शहरात येत होती. अव्वा त्यांना जागा दाखवायची. विधवा झाल्यावर पोटासाठी धरलेलं हे काम. बाईमाणूस दलाली करतं म्हणून लोक नाकं मुरडायचे, आणि जागा हवी झाली की तेच लोक आमच्या ओट्यावर येऊन बसायचे.

तिची घर बघायची एक रीत होती. कमरेला खोचलेल्या पिशवीत मूठभर तूरडाळ आणि हातात पितळेचं छोटं पातेलं. घरात शिरली की आधी आडाचं पाणी काढायची, अंगणात तीन दगड मांडायची, गोवऱ्या पेटवायची आणि डाळ शिजत टाकायची. आमच्या शहरात एका घराचा आड गोड, तर भिंतीपलीकडचा मचूळ. मचूळ पाण्यात डाळ दोन घटका उकळली तरी दाणा तसाच उभा. डाळ शिजेपर्यंत अव्वा छप्पर, मोरी, शेजार सगळं बघून यायची. मग दाणा चिमटीत दाबायची, तोंडात टाकायची आणि बोलायची. ती बोलली की संपलं. "अव्वाची डाळ शिजली" म्हटल्यावर लोक आत जाऊन बघायचेसुद्धा नाहीत, सामान घेऊनच यायचे.

मी आईवेगळी. मानमोडीच्या साथीत आई गेली तेव्हा मी वर्षाचीही नव्हते. वडील गिरणीत, भोंग्याबरोबर जायचे आणि भोंग्याबरोबर यायचे. मला अव्वानं वाढवलं, म्हणजे स्वतःबरोबर घरोघर फिरवलं. आमच्या गल्लीत माझ्या वयाची एकही पोरगी नव्हती. पाच सागरगोटे होते माझ्याकडे, पण एकटीनं खेळून खेळून मला त्यांचा वीट आला होता.

मी नऊ वर्षांची असताना नातेपुत्याहून एक कुटुंब आलं. नवऱ्याला गिरणीत काम लागलेलं, बायको सात महिन्यांची गरोदर, आणि माझ्याच वयाची एक मुलगी, पुढचे दोन दात पडलेली. अव्वा मोठ्यांशी बोलत होती तेवढ्यात त्या पोरीनं माझ्या हातातले सागरगोटे घेतले आणि एका झटक्यात पाचही झेलले. मी तिथंच तिची झाले.

तिच्या आईनं एकच गोष्ट मागितली. "अव्वा, जागा कसलीबी चालंल. पर पानी घरात पायजे. माजं मागलं बाळ पानी वाहूनच गेलं." हे बोलताना तिचा हात पोटावर होता. अव्वा म्हणाली, "पाण्याचं माझ्याकडं लागलं."

आमच्या गल्लीत चौथं दार रिकामं होतं. त्याचा मालक आजवर आपणच भाडेकरू ठेवायचा, म्हणून अव्वानं तिथं कधी डाळ शिजवली नव्हती. ते घर त्यांना मिळालं तर ती पोर माझ्या हाकेच्या अंतरावर येणार होती. पण त्या आडाचं पाणी मचूळ आहे, असं मी आमच्या शेजारणीकडून ऐकलं होतं. गोड पाणी म्हणजे गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मठाची विहीर, आणि तिला चांगल्या पंचवीस-तीस पायऱ्या.

आता सांगायला लाज वाटते, पण सांगते. आमच्या घरी पापड व्हायचे, तेव्हा पापडखार कुठल्या बरणीत असतो हे मला माहीत होतं. चिमूटभर घातला की कसलीही डाळ मऊ होते, हेही चुलीपाशी बसून शिकले होते. मी चिमूटभर पापडखार परकराच्या टोकाला बांधून घेतला.

तो सोमवार होता. सोमवारी अव्वाचा निर्जळी उपास, पाण्याचा थेंबही चालायचा नाही, म्हणून त्या दिवशी ती घर बघायचीच नाही. पण ते कुटुंब ज्या नातलगांकडं उतरलं होतं, त्यांनी त्या बाईला जागा सोडायला सांगितलं होतं, आणि अव्वाला तिची दया आली. तिनं आपली रीत मोडली. चौथ्या दाराच्या अंगणात डाळ चढवली, मला राखण बसवलं आणि स्वतः माळवदावर गेली. मी गाठ सोडली.

खाली येऊन तिनं दाणा दाबला. लोण्यासारखा दबला. तिनं पळीभर पाणी-डाळ माझ्यापुढं केली. "आज मला चालत न्हाई. तू चाख. तुझी जीभ ती माझीच जीभ."

मी चाखली. जिभेला बुळबुळीत, साबणासारखी चव लागली.

"गोड हाय, अव्वा," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते लोक राहायला आले. तीन दिवस मी आणि ती पोर ओट्यावरून उठलो नाही. चौथ्या दिवशी तिची आई आमच्या दारात आली. भांडायला नव्हे, बिचारीला वाटत होतं तिचंच काही चुकतंय. "अव्वा, डाळ शिजंना की. भाकरी पान्यात बुडवून खातोय."

अव्वा तशीच उठली. मी मागं. त्यांच्या आडाचं पाणी तिनं ओंजळीत घेतलं, तोंडात धरलं आणि थुंकलं. क्षणभर चुलीकडं बघत उभी राहिली. माझ्याकडं तिनं बघितलंच नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

"चूक माझी हाय, बाई," ती म्हणाली. "उपासाच्या दिवशी डाळ बघितली. दुसरी जागा मिळंपर्यंत तुमचं पाणी मी भरीन."

साठी उलटलेली बाई. दुसऱ्या सकाळपासून ती मठाच्या विहिरीवर जायला लागली. डोक्यावर एक घागर, काखेत एक. तिचे गुडघे आधीच बोलत होते, त्या पायऱ्यांवर ते ओरडायला लागले. वडील म्हणाले, "मी भरतो." तर त्यांच्यावर कानडीत बरसली. गल्ली हसली. "अव्वाची डाळ चुकली" ही बातमी एका पेठेतून दुसऱ्या पेठेत गेली. आमच्या ओट्यावर बसायला येणारी माणसं कमी झाली, आणि जी आली ती म्हणायची, "आम्ही आमचं आम्ही बघून घेतो, अव्वा."

मी छोटी कळशी घेऊन तिच्यामागं चालायचे. कुणी सांगितलं नव्हतं. ती मला मारेल, विचारेल, काहीतरी म्हणेल याची मी रोज वाट बघायचे. ती फक्त "पाय जपून टाक" एवढंच म्हणायची. आठ-दहा दिवस झाले असतील. मधल्या पायरीवर ती दम घ्यायला टेकली आणि गुडघे चोळायला लागली. ते बघून मला राहवलं नाही. कळशी खाली ठेवून मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. पापडखार, परकराची गाठ, चव, सगळं.

"ठावं हाय," अव्वा म्हणाली. "त्या पाण्यात डाळ शिजणारच न्हाई. आन् चुलीपाशी तू एकलीच होतीस."

"मग माझं नाव का न्हाई घेतलंस?"

"घेतलं असतं, तर त्या पोरीच्या आईनं तिला तुझ्याशी खेळू दिलं असतं व्हय?"

तिनं पदरानं माझं नाक पुसलं, जरा रागानंच. मग घागरीकडं बघत म्हणाली, "लोकांची घरं बघत फिरले. ह्याला काय उणं, त्याला काय उणं. माझ्या घरात माझी पोर एकटी पडलीया, हे मला दिसलंच न्हाई. शब्दाचं काय, शब्द पुन्यांदा मिळवीन मी. उचल कळशी."

मी उचलली. इतकं प्रेम माझ्यावर पुन्हा कुणी केलं नाही. नवऱ्यानं नाही, पोटच्या पोरांनी नाही. त्यांनी कमी केलं असं नाही, पण ह्या मापाला कुणी पुरलं नाही.

अव्वानं त्यांच्यासाठी दोन गल्ल्या पलीकडं गोड आडाचं घर शोधलं. पण बाईला त्या दिवसांत हलवायचं नको म्हणून बाळंतपण होईपर्यंत पाणी तीच भरत राहिली. मुलगा झाला, धडधाकट. बारशाला त्या बाईनं बाळ आधी अव्वाच्या मांडीवर दिलं. माझी मैत्रीण दोन गल्ल्या लांब गेली, पण तेवढं अंतर आमच्या पायांना काहीच नव्हतं.

त्यानंतर कितीतरी दिवसांनी अव्वाला पहिलं बोलावणं आलं. एका व्यापाऱ्याचं नवं बांधलेलं घर. मंगळवेढ्याहून आलेली माणसं बघायला आलेली, आणि मालक छातीवर हात ठेवून सांगत होता की आड अमृतासारखा आहे. अव्वानं दगड मांडले, डाळ चढवली आणि मला म्हणाली, "बस हितं." आणि निघून गेली माळवद बघायला. मी हात मांडीखाली दाबून बसले.

ती परत आली. दाणा दाबला. वार गुरुवार होता, उपास नव्हता. तरी तिनं पळी माझ्याच तोंडापुढं धरली. मंगळवेढ्याची माणसं, मालक, सगळे बघत होते.

"चाख," ती म्हणाली.

मी चाखली. दाणा अर्धा कच्चा होता, पाणी जिभेला खारट लागत होतं.

"मचूळ हाय, अव्वा."

तिनं स्वतः चाखून बघितलं नाही. पातेलं तिथंच मातीत उपडं केलं आणि मालकाकडं वळून म्हणाली, "पाणी मचूळ हाय."