लॉर्नानं मारलेली रेघ

लॉर्ना व्हँडरमीर अमेरिकेतल्या कलामाझू शहरात, आमच्या औषध कंपनीत एकतीस वर्षं इमल्शनं करत होती. अजून तिचं नाव निघालं की माझं डोकं तापतं, आणि त्यातला निम्मा राग माझ्यावरच आहे.

तिचं काम नाजूक. औषधी पाण्याचे थेंब तेलात, आणि तेलाचे ते थेंब पुन्हा पाण्यात. आतलं औषध तेलाच्या पापुद्र्यातून बारा तास झिरपत राहावं, म्हणून सर्फॅक्टंट, म्हणजे थेंब धरून ठेवणारा साबणासारखा पदार्थ, आतला वेगळा, बाहेरचा वेगळा. बाहेरचा फक्त एक टक्का. जास्त झाला की पापुद्रा फुटतो. शेवटचं ढवळणं ती हातानं, सावकाश करायची. कोणी घाई केली की विचारायची, "घोड्यावर बसून आलायस का?"

ट्रेव्हर नवा साहेब. त्यानं बाहेरचा सर्फॅक्टंट तीन टक्के करायला लावला, कारण थेंब बारीक होऊन फोटोत देखणे दिसत होते. लॉर्नानं तो नमुना नेहमीसारखा पातळ पडद्याच्या पिशवीत बांधून कोमट पाण्यात सोडला. पहिल्याच तासात ऐंशी टक्के औषध बाहेर. औषध वेदनेवरचं, जबर. बारा तासांचा डोस एकदम गेला तर श्वास बंद पडतो, आणि गुरुवारी ते कॅन्सरच्या नऊ पेशंटना द्यायचं होतं.

"पिशवी गळली असेल," ट्रेव्हर म्हणाला.

"तीन लावल्या होत्या, बाळा. तिन्ही गळल्या?"

"लॉर्ना, तुझ्या रिटायरमेंटला किती महिने राहिले गं?"

"पाच. मोजत बस."

ती जेवायला गेली तेव्हा त्यानं तिच्या वहीत, तिच्या आकड्यांखाली लिहिलं: पिशवी गळकी, चाचणी रद्द. आमच्याकडे प्रत्येक पानावर साक्षीदाराची सही लागते. त्यानं वही माझ्यापुढे सरकवली. मला माझी बढती दिसत होती. मी सही ठोकली.

लॉर्नानं परत येऊन पान वाचलं. प्रयोगाच्या वहीत खाडाखोड चालत नाही, पान फाडता येत नाही. चुकीवर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला कारण, सही, तारीख. तिनं पट्टी ठेवून ट्रेव्हरच्या वाक्यावर रेघ मारली. शेजारी लिहिलं: तीन पिशव्या, तिन्ही धड. मग पेन माझ्यापुढे धरलं.

"तुझी सही मी खोडणार नाही. ती तुझी तू खोड."

ट्रेव्हर दारात उभा राहून बघत होता. मी रेघ मारली.

खोडलेलं पान तपासणीवाल्यांकडे न्यावंच लागतं, तसं ते गेलं आणि गुरुवारचं औषध थांबलं. कंपनीतल्या वरच्या नालायकांनी लॉर्नाला बाटल्या धुवायला बसवलं. पाच महिने तिनं बाटल्या धुतल्या. ट्रेव्हरला वरची खुर्ची मिळाली. निरोपाला त्यानं केक आणला, तिनं त्याला हातसुद्धा लावला नाही.

ती वही कपाटात आहे. रेघेखालचं माझं नाव अजून स्पष्ट वाचता येतं.