मी तिला ओळखत नाही

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आईला सांगितलं नाही, मुलीलाही नाही.

मला एचआयव्ही आहे. नवऱ्याकडून आला, नवरा त्यातच वारला. पण थांबा — कबूल करायचंय ते हे नाही. ह्यात माझा काय गुन्हा?

पनवेलमध्ये कुणी बघेल म्हणून गोळ्या आणायला मी मुंबईच्या सरकारी दवाखान्यात जायची. तिथे एकदा रांगेत मागे वळले तर — कमल. आमच्या सोसायटीत घरोघरी पोळ्या करायची, माझ्याकडेही. माहेर उरणजवळच्या मोरा गावचं. तीही ओळखीचे डोळे चुकवून एवढ्या लांब आलेली. मी पदर तोंडावर ओढला. तिनेच माझा हात धरला. "घाबरू नका ताई. मी नाय सांगनार कुनाला."

नाहीच सांगितलं तिने.

पुढे सोसायटीत कुजबुज सुरू झाली. कमल किती वाळलीय, नवरा कळंबोलीला ट्रकवर होता ना... एका दुपारी माझ्याच घरी चहा पिताना बायकांनी विचारलं, "तुला काही कळलं का गं?" गप्प बसता आलं असतं. का नाही बसले? वाटलं — आपण आधी बोट दाखवलं नाही, तर ते आपल्याकडे वळेल. म्हणाले, "आईला दाखवायला गेले होते, तेव्हा मुंबईच्या दवाखान्यात एड्सच्या गोळ्यांच्या रांगेत पाहिलं मी हिला. आणि आपल्या पिठात हात घालते!"

पिठातून काही होत नाही, हे त्या खोलीत मला एकटीलाच पक्कं माहीत होतं.

तिची सगळी कामं सुटली. माझ्या दारात येऊन एवढंच म्हणाली, "ताई, तुमी?" मी दार लावलं.

त्यानंतर ती रांगेत दिसली नाही. आम्हाला बोलताना पाहिलेल्या समुपदेशक बाईंनी विचारलं, "त्यांचा फोन लागत नाही. गोळ्या बंद झाल्या तर जीवावर बेतेल. घर माहितीय का?" माहीत होतं. मी म्हणाले — "मी तिला ओळखत नाही."

काही महिन्यांनी तिची जाऊ बाजारात भेटली. कमल माहेरी टीबीने गेली होती. "दवाखान्यात चल म्हटलं तर नाय म्हनायची. बोलायची, तिकडं कोन ना कोन ओळखीचं बगतं."

तेव्हा मला काय वाटलं, सांगू?

सुटले. आता आपलं कुणालाच माहीत नाही.

त्या दिवशी मी पोटभर जेवले.