तेरावा हात

माझी मावशी लोकांच्या हाताची सालं काढायची. नव्या माणसाला मी हे मुद्दाम असंच सांगते आणि त्याचा चेहरा नीट पाहून घेतल्यावरच पुढचं सांगते.

ती क्रीमच्या कारखान्यात तपासणीच्या खोलीत नोकरीला होती. उन्हासाठी लावायचं क्रीम कातडीत किती खोल जातं, हे बघणं तिचं काम. हातावर आतल्या बाजूला क्रीम लावायचं, दोन तास थांबायचं आणि मग त्याच जागी एकामागून एक वीस चिकटपट्ट्या लावून काढायच्या. दर पट्टीबरोबर कातडीचा अगदी पातळ पापुद्रा निघतो. पहिली पट्टी म्हणजे सगळ्यात वरचा थर, विसावी म्हणजे बराच आतला. प्रत्येक पट्टी वेगळ्या बाटलीत घालून आतल्या खोलीतल्या यंत्राकडे पाठवायची. औषध कितव्या पट्टीपर्यंत पोचलं, ते यंत्र सांगायचं.

कारखान्यात तिला पट्टीबाई म्हणत. पट्टी चिकटवली की छोट्या रुळाने दहा वेळा दाबायची आणि एका झटक्यात ओढायची. हात द्यायला आलेली धिप्पाड माणसंसुद्धा डोळे मिटून घेत. "अहो, केस थोडेच उपटतेय?" असं ती म्हणायची आणि पुढच्याच पट्टीला चार केस उपटून आणायची. वीस वर्षं एकाच दाबाने, एकाच वेगाने तिने हे काम केलं. घरी भाजीत मीठ मात्र रोज वेगळं पडायचं.

मी शिकायला म्हणून तिच्याकडे आले आणि नोकरी लागल्यावरही तिथेच राहिले. मावशीने लग्न केलं नव्हतं आणि मला परत पाठवायची तिला घाई नव्हती. माझी नोकरी जमीन मोजणीची. तिपाईवर दुर्बीण चढवायची, हद्दीचे दगड शोधायचे, दोन शेजाऱ्यांची भांडणं ऐकायची आणि दोघांनाही न आवडणारी रेघ आखून घरी यायचं. हे काम मला मनापासून आवडायचं.

पण माझ्या कातडीला ते मंजूर नव्हतं. तासभर ऊन लागलं की मानेवर आणि हातांवर चट्टे उठायचे. खाजवून खाजवून कोपराच्या आतली जागा सोलून निघालेली असायची. बाजारातलं क्रीम लावावं, तर त्यातल्या औषधानेच अंगाची आग व्हायची. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी आमच्या मुख्य मोजणीदारांनी मला बसवून सांगितलं, "उन्हाळा सुरू होईपर्यंत काहीतरी सोय करा. नाहीतर तुम्हाला नकाशांच्या टेबलावर बसवावं लागेल. एकदा ती जागा दिली की परत बाहेर पाठवणं माझ्या हातात नाही."

त्याच सुमारास मावशीच्या कारखान्यात नवं क्रीम तयार झालं. त्यातलं औषध डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक गोळ्यांत बंद केलेलं होतं. मी विचारलं, तेव्हा मावशी वाटाणे सोलत होती. तिने एक न सोललेली शेंग माझ्या हातावर ठेवली.

"दाणा आत आहे की नाही? पण तुझ्या हाताला लागतंय का? लागतंय ते साल. औषधाने शेंगेतच बसून ऊन अडवायचं. कातडीला शिवायचंच नाही. संध्याकाळी धुतलं की गेलं."

"म्हणजे मला चालेल?"

"आधी पट्ट्या तर काढू दे, ठमे."

ठमी हे माझं लहानपणापासूनचं नाव. मी लाडात असले की ती ते घ्यायची आणि मी चुकले की तर घ्यायचीच.

बारा माणसांचे बारा हात ठरले. त्या पंधरवड्यात मावशी भर दुपारीसुद्धा पूर्ण बाह्यांचे ब्लाउज घालायला लागली. "कुठे लपवून गोंदवून घेतलंस की काय?" असं मी चिडवलं, तर म्हणाली, "वय झालं की थंडी वाजते." मला तेव्हा माझ्याच कातडीचं पडलं होतं. मी हसून विषय सोडला.

निकालाच्या दिवशी कामावरून मी थेट कारखान्यात गेले. पहिली बाटली मलाच मिळणार होती. तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर बसले, तर आतून मोठ्या साहेबांचा आवाज आला.

"पट्टीबाई, बाराच्या बारा हात स्वच्छ आहेत! चौथ्या पट्टीपुढे औषधाचा मागमूस नाही. सही करा."

"तेरावा हात पण वाचा, साहेब."

"तेरावा कुणाचा?"

"माझा. आतल्या यंत्रवाल्यांना सांगूनच लावलाय. यादीत धरू नका, पण वाचा."

कागद उलटल्याचा आवाज झाला. मग साहेब म्हणाले, "अकराव्या पट्टीपर्यंत औषध? पण शेऱ्यात लिहिलंय, हा हात झिजलेला आहे, बाई. नियमाप्रमाणे निरोगी कातडीच मोजायची. दुष्काळात तेरावा महिना तसा हा तुमचा तेरावा हात. सोडून द्या."

"काही गोळ्या फुटतायत, साहेब. थोडंसं औषध मोकळं होतंय. धडधाकट कातडी ते वरच अडवते. पण ज्यांना हे क्रीम खरं लागणार आहे, त्यांची कातडी धडधाकट नसते. मी सही करणार नाही."

साहेब चिडले, समजावू लागले, पुन्हा चिडले. मावशीचा आवाज शेवटपर्यंत चढला नाही. अखेर त्यांनी हात टेकले. गोळ्यांचं कवच जाड करून सगळं पहिल्यापासून करायचं ठरलं. त्याला वर्ष जाणार होतं.

उन्हाळ्याला महिना उरला होता. मी बाकावरून उठले आणि तिची वाट न पाहता घरी आले.

ती आल्यावर मी तोंडाला येईल ते बोलले. "बारा जणांचं चांगलं आलं होतं. तुझा झिजलेला हात मध्ये घालायला कुणी सांगितलं होतं? वीस वर्षं स्वतःची कातडी ओरबाडलीस आणि त्यापायी माझं काम घालवलंस!"

ती एवढंच म्हणाली, "जेवून घे."

मी जेवले नाही. पुढच्या महिन्यात मला नकाशांचं टेबल मिळालं. माझी दुर्बीण दुसऱ्याच कुणाच्या खांद्यावर बाहेर जाताना मी खिडकीतून पाहायचे. घरात मी मावशीशी कामापुरतं बोलायचे. दूध आलं, गॅस संपला, कुलूप लावते. तीही मागे लागली नाही. माणूस ओरडला तर बरं असतं, निदान आपल्याला भांडता येतं.

दोन-अडीच महिन्यांनी माझ्या कुडत्याचं बटण तुटलं. सुईदोरा शोधायला मी मावशीचा शिवणाचा डबा उघडला. दोऱ्यांच्या खाली चिकटपट्टीची रिकामी रिळं होती. एक-दोन नव्हे, नऊ. तपासणीच्या खोलीत वापरतात तीच पट्टी. बाजूला वापरलेल्या पट्ट्यांचा चुरगळलेला गोळा होता आणि त्याखाली घडी घातलेला कागद. त्यावर तिच्या अक्षरात पंधरा तारखा होत्या. पहिल्या तारखेपुढे लिहिलं होतं, "जरा लाल." सातवीपुढे, "आग होते." शेवटच्या तारखेपुढे, "आता ठमीच्या कोपरासारखी झाली."

मी डबा घेऊन तिथेच जमिनीवर बसले. हात वीस वर्षांच्या कामाने झिजलाच नव्हता. त्या तेराव्या हाताआधी कामावर तिने स्वतःच्या हाताला कधी पट्टी लावलीच नव्हती. तो नियमच होता आणि रागात मी तो विसरले होते. माझ्यासारखी कातडी यादीत एकही नव्हती, म्हणून तिने ती घरी बसून तयार केली होती. आणि मी तिला ओरबाडल्याचं सुनावलं होतं. मला माझीच लाज वाटली. ती आली तेव्हाही मी डबा घेऊन तिथेच बसले होते.

तिने डब्याकडे पाहिलं. "बटण सापडलं का?"

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू करू दिलं असतंस?"

"आणि मी एवढं बोलले, तेव्हा?"

"तेव्हा तुझं काम गेलं होतं. बोलणारच की." मग म्हणाली, "शिवाय तुला लावून बघता आलं असतं. पण भाजलं असतं तर मी तुझ्या आईला काय तोंड दाखवलं असतं? आणि तिचं सोड. मला कुठे बघवलं असतं?"

मी तिची बाही वर केली. कोपराखाली हातभर नव्हे, पण वीतभर पट्टा काळा पडला होता.

पुढच्या वर्षी जाड कवचाच्या गोळ्या आल्या. मावशी पुन्हा पट्ट्यांची रिळं घेऊन घरी आली. मी माझा हात पुढे केला, तर तिने तो चापट मारून बाजूला सारला. तेव्हा मी अट घातली, की करायचंच असेल तर मी करणार. पंधरा दिवस तिच्या हाताच्या पट्ट्या मी काढल्या. पाचव्या दिवशी कातडी लाल झाली आणि माझा हात रेंगाळला.

"झटक्यात काढ, ठमे," ती दात आवळून म्हणाली. "दया आली की जास्त दुखतं."

मी झटक्यात काढल्या. या खेपेला तेराव्या हातावरही औषध चौथ्या पट्टीपुढे गेलं नाही. मावशीने सही केली.

आता मी पुन्हा मोजणीला बाहेर जाते. टेबलावरून सुटायला दोन वर्षं आणि सतरा अर्ज लागले, पण सुटले. मावशी निवृत्त झाली आहे. तिच्या हातावरचा काळा पट्टा गेला नाही. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं तर आणखी काळा पडेल.

म्हणून सकाळी निघताना मी बाटली उघडते, पहिलं बोटभर क्रीम तिच्या त्या पट्ट्यावर लावते आणि मगच माझ्या मानेला. "मी कुठे उन्हात जातेय?" असं ती रोज म्हणते आणि रोज हात पुढे करते.