तिनाचा पाढा आणि पाच सुरुंग

ज्याने उभा जन्म दुसऱ्यांचे हुकूम नकलून काढण्यात घालवला, त्याने साठी उलटल्यावर स्वतःचे लिहायला बसावे, हा आगाऊपणाच आहे. वाचकांनी तो पोटात घालावा. माझ्या दप्तरातला एक रकाना कोरा राहिला आहे आणि तो मला अजून टोचतो, एवढेच माझ्याजवळ कारण आहे.

निजामी अमलात मी तामीरातीत, म्हणजे बांधकाम खात्यात, मुन्शी होतो. मांजरसुंब्याच्या घाटाखाली वाटसरूंसाठी विहीर खणली जात होती. काळा पाषाण लागल्यामुळे रोज दुपारी सुरुंग उडवावे लागत. मामा-भाच्यांची एक जोडी तळाशी उतरून वाती पेटवी, टोपलीत बसे, आणि मोटेचीच बैलजोडी उतारावरून चालत त्यांना वर ओढी.

सुरक्षेचे नियम मी सुवाच्य अक्षरात लिहून लिंबाला टांगले होते. लाल निशाण चढल्यावर मोटकऱ्यावाचून कोणीही दगडांच्या राशीमागून बाहेर पडू नये, हा पहिला. मोटकऱ्याच्या गाण्यात खालची हाक बुडून जाते असे वाटून मी एके सकाळी आणखी एक जोडला: सुरुंगाच्या वेळी गाणे बंद.

त्याच दुपारी मामांनी पाच सुरुंगांच्या पाचही वाती पेटवून हाक दिली. मोटकऱ्याने बैल हाकले. जोडी अर्ध्या उतारापर्यंत गेली आणि थांबली. दिवसभर गाण्यावर चालणारे ते बैल गाण्याची वाट पाहत उभे राहिले! चाबूक झाला, शेपट्या पिरगाळून झाल्या, बैल ढिम्म. टोपली विहिरीच्या मध्यावर लोंबकळत होती.

"कावून थांबलं रं?" खालून मामांचा आवाज आला. "वाती सुरसुर करायल्यात!"

मोटकऱ्याने माझ्याकडे पाहिले. "मुन्शीजी, गानं म्हनू का?"

दोन जीव अधांतरी असताना त्या भल्या माणसाने माझ्या कागदाचा मान राखावा, याची मला आजही लाज वाटते. मी राशीमागून धावत सुटलो आणि ओरडलो, "म्हणा! म्हणा!"

पण भीतीने त्याच्या घशाला कोरड पडली होती. नुसते ओठ हलले.

मी चारचौघांत कधी आरतीसुद्धा मोठ्याने म्हटलेली नाही. त्या क्षणी मला चालीवर येणारी एकच गोष्ट आठवली. बैलांच्या कानाशी जाऊन, डोळे मिटून, शाळेतल्या हेलात मी सुरू केले, "तीन एके तीन, तीन दुणे सहा..."

'तीन त्रिक नऊ'ला बैलांचे कान हलले. 'तीन चोक बारा'ला पाय उचलले. 'तीन सत्ते एकवीस'पर्यंत टोपली काठाला लागली आणि मामा-भाचे उडी टाकून राशीमागे पळाले. मी मात्र घाबरून तसाच पुढे म्हणत राहिलो. 'तीन दाहे तीस' होते न होते तोच पहिला बार उडाला. मी मोटकऱ्यासह बैलांच्या आडोशाला बसून पाचही बार मोजले. एक खडा माझ्या टोपीवर टपकन पडला. तेवढेच काय ते नुकसान.

धूळ बसल्यावर भाचा म्हणाला, "मामा, मुन्शीजीनं आज लई गोड म्हनलं."

"गोड कसलं बे!" मामा घाम पुसत म्हणाले. "तिनाचा म्हनला म्हनून वाचलो. एकोनतिसाचा काढला असता तर आठवस्तोर उडालो असतो!"

सगळे हसले. बैलांना गूळ मिळाला, आणि मलाही.

संध्याकाळी लिंबाखाली जाऊन गाण्याच्या मनाईवर मी स्वतःच्या हाताने काट मारली. मग रोजनामा उघडला. त्यात रोज एक रकाना भरून सही करावी लागे: 'आज सर्व नियम पाळले गेले काय?' 'होय' लिहिणे खोटे ठरले असते. 'नाही' लिहिले, तर कारण म्हणून माझाच नियम द्यावा लागला असता आणि बहुधा नोकरीही. दौत वाळेपर्यंत मी बसून राहिलो आणि शेवटी रकाना तसाच सोडून वही मिटली.

माझ्या जागी तुम्ही असता, तर तिथे काय लिहिले असते?